बाबा, हलू नका
नवी आरामखुर्ची घरात येऊन दोनच दिवस झाले होते. पाठ मागे रेलली की पुढून पाय टेकायची पायपट वर यायची. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मुलाने ती मुद्दाम बनवून घेतली होती. सासरे तसे एका जागी बूड न टेकणारे, पण खुर्चीवर भलतेच खूश होते.

त्या दुपारी सून आतल्या खोलीत ब्लाउज शिवत होती. किंकाळी ऐकून ती धावली. तिची अडीच वर्षांची चिमी खुर्चीपुढे पालथी पडली होती आणि पायपटाखालच्या लोखंडी पट्ट्यांत तिचा हात कोपरापर्यंत अडकला होता.

सासरे उठायला गेले, तशी पायपट इंचभर खाली आली आणि चिमीचा आवाजच बंद झाला.

"बाबा, हलू नका."

ते मागे रेलले. चिमी पुन्हा रडू लागली. सुनेला ते रडणं ऐकून बरं वाटलं.

तिने खुर्चीवाल्या कारागिराला फोन लावला. त्याने आधी मुलीची बोटं लाल आहेत की निळी, ते विचारलं. लाल होती. मग तो म्हणाला, "ताई, पायपट ओढू नका. आत स्प्रिंग आहे, ती मिटायलाच बघते. आजोबांच्या वजनावर सगळं थांबलंय."

फोन स्पीकरवर टाकून, त्याने सांगितल्याप्रमाणे तिने बाह्या इस्त्री करायचा लाकडी ठोकळा फटीत बसवला. तो निसटत होता. एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने तिने कात्रीने खालचं कापड फाडलं. स्प्रिंग दिसली, करंगळीएवढी जाड. तिच्या आकड्यात परकराची नाडी अडकवून स्वतःकडे ओढा, असं कारागीर सांगत होता. नाडी दोनदा सुटली.

तेवढ्यात सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली. हिवाळ्यापासून त्यांचा खोकला हटत नव्हता. त्यांनी ओठ घट्ट मिटले. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण पाठ गादीला खिळलेलीच राहिली.

तिसऱ्यांदा तिने नाडी दुहेरी केली, खुर्चीला पाय लावला आणि सगळा जीव एकवटून ओढली. खाडकन आकडा सुटला. पायपट लुळी पडली. तिने ती उचलून चिमीला बाहेर काढलं, तेव्हा कुठे सासरे खोकले. खोकतच राहिले.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. हात सुजला होता, कोपराखाली काळानिळा वळ होता. डॉक्टरांनी मलम दिलं. घरी आल्यावर चिमी बापाच्या खांद्यावर झोपून गेली.

सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"पायपट मिटेना, तेव्हा काहीतरी अडकलंय हे मला कळलं होतं," ते म्हणाले. "उशी असेल म्हणून मी टाच मारली. मग ती ओरडली."

सुनेचे हात थांबले. तोंडावर आलेलं तिने गिळलं.

"त्याआधी खेळता खेळता चिमी गप्प झालीय, हे मलाही कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "म्हटलं, एवढी शिवण संपवून उठते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तिने स्टूल पुढे सरकवलं. गुडघा सांभाळत सासरे त्यावर बसले.