शेजारचा तारा

मिल बंद झाल्यापासून मालोजी घरातल्या कुठल्याच कामाला हात लावत नसे. वीस वर्षं माग दुरुस्त करणारा फिटर, पण आता छत्रीबागेतल्या दोन खोल्यांत भिंतीला टेकून बसून असायचा. त्याची बायको कुमुदिनी लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. नळ गळला तर तीच चिंधी बांधायची आणि म्हणायची, "तुम्ही राहू द्या." दिवाळीला त्याला तोशीस नको म्हणून तिने पलासियाच्या बाजारातून प्लास्टिकचा तयार आकाशकंदील आणला होता.

त्यामुळे डिसेंबरातल्या एका दुपारी भिंतीपलीकडून मालोजीचं हसणं ऐकू आलं, तेव्हा कुमुदिनीच्या हातातली कात्री थांबली.

पलीकडे वसुंधरा साळवे आणि तिची लहान मुलगी सुरभी राहायच्या. वसुंधरेचा नवरा देवदान त्याच मिलमधला. आता तो मानपुरला ट्रकच्या गॅरेजात लागला होता आणि सुट्टी मिळाली तर नाताळला घरी येणार होता.

दुसऱ्या दिवशी मालोजी भांग पाडून निघाला.

"कुठे?"

"साळव्यांकडे. जरा काम आहे."

मागच्या कित्येक महिन्यांत त्याने असा भांग पाडला नव्हता. गल्लीतल्या नळावर शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, "सच्ची, कुमुद, तुझ्या मालोजींचं मन रमलं हो शेवटी!" कुमुदिनीने बादली तशीच ठेवली आणि ती सरळ साळव्यांच्या दारात गेली.

आत रवा भाजल्याचा खमंग वास होता. स्टोव्हवर वाळूच्या पातेल्यात केक चढवलेला. सुरभी जुन्या कॅलेंडरांच्या पट्ट्या खळीने चिकटवून साखळ्या करत होती. आणि मधोमध, बाह्या दुमडून, मालोजी बांबूच्या कामट्यांचा मोठा तारा बांधत होता. त्याच्या कपाळाला खळ लागली होती. वसुंधरा करंज्यांचं सारण ढवळत त्याला सांगत होती, "भाऊ, ते टोक वाकडं झालंय, परत बांधा." आणि तो निमूटपणे परत बांधत होता.

"माझ्या दारासाठी नाही सुचलं हे दिवाळीला?" कुमुदिनीच्या तोंडून निघून गेलं.

मालोजीने दोरा खाली ठेवला. "तू कुठे सांगितलंस?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"दुखणेकऱ्यासारखं सांभाळतेस मला. या वहिनींनी कामट्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाल्या, देवदान नाहीत, तारा तुम्हालाच करावा लागेल. बस, इतकंच."

कुमुदिनीला रडू फुटेना की रागावता येईना. इतके दिवस जिवापाड जपलं ते तिने, आणि माणूस उठून उभा राहिला तो दुसरीच्या शब्दावर! ती जायला वळली, तशी वसुंधरेने तिचा हात धरला.

"ताई, रागावू नका. खरं सांगू? रोज संध्याकाळी तुमच्याकडे दोन ताटं वाजतात ना, ती ऐकून माझा जीव तुटतो. आमच्या ह्यांना सुट्टी मिळाली की नाही तेही अजून कळलेलं नाही."

कुमुदिनी परातीजवळ बसली आणि करंज्यांना मुरड घालू लागली. तिची मुरड वसुंधरेच्या मुरडीपेक्षा बारीक होती. ते तिने पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी देवदान आला. ताऱ्यात दिवा लागला. गल्लीतले सगळे बघायला जमले.

"क्या बात है भिया! बाजारातला वाटतोय," देवदान म्हणाला.

"यांनी केलाय," कुमुदिनी सगळ्यांच्या आधी बोलली. वसुंधरा नवऱ्याच्या शेजारी उभी राहून हसली, आणि कुमुदिनीच्या मनात पुन्हा टोचलंच.

केक आणि करंज्या खाऊन दोघं घरी परतली. दार लावताना ती म्हणाली, "माझी शिलाई मशीन फार अडकते आहे. उद्या बघाल का?"

"उद्या कशाला?"

त्याने मशीन आडवी केली, खालची पत्र्याची झाकणी काढली आणि तो कडाडला, "अगं, हिला तेल कधी दाखवलं होतंस का? किती ही घाण! अशी वापरतात का मशीन?"

कुमुदिनी दिवा घेऊन त्याच्याजवळ बसली. तो बराच वेळ तिला रागावत होता, आणि तिने त्याला एकदाही थांबवलं नाही.