खाऱ्या रांजणाचं पाणी

कार्तिकाच्या कलत्या उन्हात सुपडा पाणी प्यायचा, तेव्हा त्याच्या कंठाचा आवाज होत नसे. तापल्या वाळूत ओतावं तसं ते आत मुरायचं. तांब्या उंच, धार सुतासारखी बारीक, आणि हनुवटीवर थेंब नाही. वाळवंटात राहिलेल्या माणसाची ती सवय.

सुपडा माझा धाकटा भाऊ. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हा तो राजस्थानात जमीन मोजणाऱ्यांच्या तंबूंवर स्वयंपाकी होता. तिथला साहेब बायकापोरांसह अंदमानच्या बेटावर सुटीला गेला, तर यालाही रांधायला घेऊन गेला. परतताना साहेब पुढे गेला. हा नांदुऱ्याला उतरून घरी आला.

"अंदमान म्हंजे काळं पानी," मी म्हटलं. "तिथं कोनी हौसेनं जाते का बे?"

"निळं हाय दादा. काठाशी हिरवं. काळं नाही दिसलं कुठं."

"मंग तुले दुसरंच गाव दाखोलं त्याईनं."

तो हसला. मी दुसरी शिकलेला, पण रामायणाची पोथी ऐकलेली. समुद्र ओलांडायचा असतो एवढं मला पक्कं ठाऊक. तिथं सुटी कशी काढतात, हे मला आजही उमगलेलं नाही.

त्याच्या देहावर दोन प्रदेश एकाच वेळी नांदत होते. केसांत समुद्राचा चिकट ओलावा, डोळ्यांत मात्र वाळूवरून दूरवर पाहणाऱ्याचा आकसलेला प्रकाश. विंचवाच्या धाकानं जोडा घालण्याआधी तो झटकायचा. बैलाच्या दाव्याला तंबूची गाठ मारायचा, जी मला सुटायची नाही. कपाशी फुटून शिवार पांढरं झालं होतं. सकाळी त्याला त्यात लाटांचा फेस दिसे, संध्याकाळी वाळूच्या लहरी.

"कापसाले कापूस म्हन बे," मी म्हणायचो.

त्याच्या वाट्याचं वावर मी जपून ठेवलं होतं. त्यानं आता राहावं, तंबूत परत जाऊ नये, एवढंच मनात होतं. पण मी मोठा. विनवणी माझ्या तोंडून कशी निघेल?

आमच्या खारपट्ट्यात विहिरी मचूळ. घरचे रांजणातलं तेच पाणी पितात. लांबच्या गोड्या विहिरीची एक घागर पाहुण्यांसाठी झाकलेली असते. तो आला त्या दिवशी आमच्या घरातल्या बाईनं त्याला घागरीतलं दिलं.

"पाव्हना हाय का तो? रांजनातलं दे."

"इतक्या दुरून आले, मचूळ पाजू?"

मग कधी ती गोडं देई, कधी मी खारं. तो दोन्ही सारख्याच चेहऱ्यानं पिई. हा आता पाहुणा की घरचा, याचं उत्तर त्या चेहऱ्यावर शोधता शोधता मीच गोंधळून गेलो. शेवटी ठरवलं, विचारायचं नाही. निघायच्या सकाळी तो आपल्या हातानं कोणतं पाणी घेतो, ते पाहायचं.

वळकटी बांधून तो रांजणाकडे गेला. पोटभर प्याला, आणि कापडी छागलही त्याच मचूळ पाण्यानं भरू लागला.

"भाऊजी, वाटेले गोडं न्या ना."

"नको वैनी. गोडं तिथं टाकीनं येते. हे नाही भेटत."

म्हणजे हा पाहुणा नव्हे. घरचाच आहे. आणि घरचा माणूस छागल खांद्याला लावून अंगणाबाहेर चालला होता. एकाच सकाळी दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?

"कधी येशीन?" एवढंच निघालं.

"हे पानी सरलं की, दादा."

इतकी वर्षं झाली, तो अजून आला नाही. पुरवून पिणारा माणूस, सरलं नसेल, असं मी म्हणतो. घरात आता सून आली आहे, ती मान फिरवते. आता दारात गोड्या पाण्याचा नळ आहे, तरी तो रांजण मी विहिरीच्या पाण्यानंच भरतो. पीत कोणी नाही. उन्हाउन्हानं पाणी उडून जातं, काळही असाच हलके उडून जात असावा. रांजणाच्या बुडाशी पांढरं मीठ तेवढं साचत राहतं, आणि बोट लावून चाखलं की वाटतं, नसलेल्या माणसाची चव बहुधा हीच.