खिडकीसमोरचा दाणा

मास्तरांनी जन्मभर माणसांची मापं घेतली. कोंबडीचं माप घ्यायची वेळ मात्र म्हातारपणी आली. त्यांची थोरली बहीण, जिला सगळे ताईच म्हणत, गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आली आणि परसातल्या तिच्या कोंबड्या मास्तरांच्या गळ्यात पडल्या. मास्तरांनी शिवणाचं दुकान बंद केल्यापासून भाऊ-बहीण दोघंच घरात राहायचे. नाही म्हणणार तरी कोणाला?

"भांडं जमिनीवर ठेवू नकोस, पायांनी उकरून सगळी माती घालतात त्यात," ताईने खाटेवरून बजावलं. "कोंबडीच्या पाठीइतकं उंच ठेव."

शिंप्याला 'इतकं' म्हटलं की त्याचा हात टेपकडे जातो. मास्तर टेप घेऊन परसात गेले. बाकीच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. एक धिप्पाड तांबडी तेवढी ढिम्म उभी राहिली. सगळ्यांना चोची मारून हाकलते म्हणून ताईने तिचं नाव 'सासूबाई' ठेवलं होतं. गिऱ्हाईक आपणहून उभं राहिलं तर शिंपी कशाला सोडेल? मास्तरांनी तिचं माप घेतलं, तेवढ्या विटा रचल्या, वर दाण्याचं पसरट भांडं ठेवलं आणि खूश होऊन आत आले.

अंडी मात्र येईनात. "ती लहान पांढरी कोंबडी दाणा खाते का?" ताई विचारायची. मास्तरांना काय ठाऊक? शेवटी रोजच्या चौकशीला कंटाळून त्यांनी दाणापाणी विटांसकट उचललं आणि थेट ताईच्या खिडकीसमोर आणून मांडलं. म्हटलं, आता बघ तुझं तूच.

ताईने एक नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "अरे, सगळ्या गावाला एकाच मापाचा सदरा शिवलास की! त्या बारक्यांच्या चोची पोचतात का तिथे?"

मग ताई खाटेवरून हुकूम सोडू लागली. विटा कमी कर. दुसरं भांडं लांब ठेव, म्हणजे सासूबाई एकावर पहारा देत बसली तरी बाकीच्या दुसऱ्यावर खातील. पाणी दाण्याला चिकटून नको, दाणा पडून आंबतं. पाणी सावलीत हवं. आणि काही झालं तरी खुराड्यातल्या दांडीखाली काही ठेवायचं नाही, रात्री त्या वर बसतात आणि खाली शिटतात. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणे, ताई खाटेवरून कोंबड्या हाकत होती. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं नाही. दुकानात त्यांनीही कारागिरांना असंच पिडलं होतं. पांढरी दाण्याला भिडली, अंडी येऊ लागली, ताईला घास गोड लागू लागला.

घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. ताई खाटेवरून उठत नव्हती. दवाखान्यात एकदा वॉकर निसटून ती पडली होती, तेव्हापासून तिने धसका घेतला होता. घरातल्या वॉकरवर टॉवेल वाळायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी चांगली होती, पण फटकळ होती. जाताना तिने मास्तरांना दारात गाठलं.

"काका, त्या चालल्या नाहीत तर गुडघा असाच आखडून बसणार. मग माझ्या हातात काही नाही."

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, आईला मी महिनाअखेरीस घेऊन जाते. इथे बाई ठेवू दिवसभराची. तुला आता हे झेपायचं नाही. कोंबड्या देऊन टाक कोणाला तरी."

पोरगी आईच्या काळजीनेच बोलत होती. मास्तर "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. ताई गेली की या घरात त्यांच्यावर ओरडणारं कोणी उरणार नव्हतं.

ते खिडकीशी आले. ताई उशीला टेकून बाहेर बघत होती. सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं: दाणा, पाणी, पांढरी, सासूबाई. उठायचं कारणच कुठे होतं? मास्तरांना आपलीच चूक दिसली. ताईला बरं वाटावं म्हणून त्यांनी सगळं खिडकीपाशी आणलं होतं, आणि ताई खिडकीपाशीच राहिली होती.

सकाळी ताई जागी व्हायच्या आत त्यांनी भांडी, विटा, पाणी, सगळं उचलून न्हाणीघराच्या भिंतीआड नेलं. कोंबड्याही मागोमाग गेल्या. खिडकीसमोर नुसती उकरलेली माती उरली.

"अरे, दाणा कुठे गेला?" ताई ओरडली.

"हलवला. तिकडे पलीकडे."

"पलीकडे कुठे?"

मास्तरांनी घसा साफ केला. बहिणीशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "खुराड्यात. दांडीच्या खाली. पाणीपण तिथेच, शेजारी. सगळं एका जागी, सुटसुटीत."

"दांडीखाली?" ताईचा आवाज चिरला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शीट खायला घालतोस त्यांना? उचल आधी ते!"

"मला तर बरं दिसतंय," मास्तर म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत निघून गेले.

ताईने हाका मारल्या. मग शिव्या दिल्या. मग काहीच ऐकू येईना. मास्तरांचं लक्ष चहात नव्हतं. खाट करकरली. टॉवेल खाली पडल्याचा आवाज झाला. मग वॉकरची फरशीवर ठकठक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठकठक. ते दबकत तिच्या मागे गेले. पडलीच तर धरायला हात पुढे केले होते, पण तिला दिसणार नाहीत असे.

ताई उंबऱ्याशी थांबली. वॉकर आधी खाली टेकवला. "मेला, मूर्ख, अक्कलशून्य," ती पुटपुटली आणि उतरली.

खुराड्याशी जाऊन तिने वाकून आत पाहिलं. दांडीखाली काही नव्हतं. मग तिने भिंतीआड पाहिलं. दोन भांडी, एकमेकांपासून लांब, बारक्यांच्या मापाच्या विटांवर. पाणी सावलीत, दाण्यापासून बाजूला. पांढरी निवांत दाणा टिपत होती.

ताईने दोन्ही भांडी नीट न्याहाळली. मग तिने मान वळवली. मास्तर तिच्या पाठीशी हात पुढे करून उभे होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"खोटं बोललास माझ्याशी," ती म्हणाली.

"हो."

"या वयात."

"हो."

तिने वॉकर घट्ट धरला आणि श्वास घेतला. "आणि उद्या कुठे ठेवणार आहेस?"

"सांगणार नाही," मास्तर म्हणाले. "येऊन बघ."