बनुबाईची माहेरची साळ

भाताचं बी टाकायचा राब भाजून तयार होता, आणि माझ्या सासूच्या, बनुबाईच्या माहेरची साळ कुठल्या बरणीत हाय तेच मला ठाऊक न्हवतं. सासू माघात गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माझी साळ मोडू देऊ नको, राजेश्वरी." राजूरच्या अख्ख्या बाजारात ती आता दुसऱ्या कुणाकडं न्हाई. गेल्या साली तिच्या दुखण्यात पेरायची राहिली. यंदा राहिली तर बी मेलंच.

बरण्यांच्या झाकणांवर नुसते नंबर. कुठल्या नंबराला कुठलं बी, ते कॉम्प्युटरात. जुना विंडोजवाला मरायला टेकला, म्हणून माझ्या भावानं, संदीपनं, सगळा डेटा लिनक्सच्या लॅपटॉपवर आणला. आणि तो मेला लॅपटॉप सकाळपासून एकच म्हणतोय, सर्व्हर सापडत नाही.

"अरे, सर्व्हर ह्याच डबड्यात हाय ना?"

"हाय गं ताई. विंडोजवर ते पोर्टवरून बोलायचं. इथं सॉकेट नावाची फाइल लागते. सर्व्हर ती एका फोल्डरात ठेवतोय, आपला यादीचा प्रोग्रॅम दुसऱ्याच फोल्डरात शोधतोय."

"मग सांग की त्याला, कुठं हाय ते."

त्यानं सर्व्हरचा पाथ, म्हणजे ती फाइल ठेवायचा पत्ता, बदलला, तर सर्व्हर सुरूच होईना. नव्या फोल्डरात लिहायची त्याला परवानगी न्हाई म्हणे. माझं डोकंच फिरलं. एका घरात राहून एकमेकांना सापडंनात, आणि बी मरणार माझं! चूल पेटवली न्हाई, संदीपच्या मानगुटीवर बसून राहिले.

दुपार कलली तेव्हा त्यानं सर्व्हरचा पाथ होता तसा केला आणि तोच प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये लिहिला. यादी झरझर उघडली. 'बनुबाईची माहेरची साळ, बरणी अकरा.' मला रडूच आलं.

तशीच मागच्या अंगणात पळाले. शेजारच्या छबूबाई बरण्या ओळीनं लावत होत्या.

"तू गुतलेली दिसलीस, म्हनून म्याच बियान्याला ऊन दावलं. पेरनीआदी दर साली दावतोच की."

बाजेवर झाकणं धुऊन उपडी घातलेली, सगळी एकत्र.

"मावशी, कुठलं झाकण कुठल्या बरणीचं?"

"ते बनुबाईच लावायची. दाना हातात घेतला की तिला कळायचं."

अकरा नंबरचं झाकण मी उचललं. अजून ओलं होतं. सगळ्या बरण्यांत साळच, पिवळी, एकसारखी.

"ताई, सापडली का?" संदीपनं आतून विचारलं.

सगळ्यातलं मूठमूठ पेरीन मी. तिचीही उगवंल. माझ्या डोळ्यांदेखत वाढंल, निसवंल, लोंब्या धरंल, आणि मला ती ओळखू येणार न्हाई.