टोचनच्या दोराने धरलेला डूख

खण्.

दुपारची वेळ होती. घरातली छोटी मुलगी, बटण, नुकती झोपली होती आणि तिची आई फ्रॉकचा उसवलेला काठ शिवायला बसली होती. तेवढ्यात बाहेरच्या दारावर कुणीतरी जोरात थाप मारली. भिंत हादरली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यावर टांगलेला माझा लोखंडी आकडा फळीवर आपटला. बटण डोळे चोळत उठून बसली. आईने सुईकडे पाहिलं आणि पुटपुटली, "झालं. तासभर थोपटलं ते गेलं पाण्यात."

मित्रांनो, तो आवाज माझा. मी एक जुना टोचनचा दोर आहे. चिखलात रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढतात, त्याला टोचन म्हणतात. गोष्टीतल्या जुन्या वस्तू फार समजूतदार असतात. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, सगळ्या शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी तसा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे धागे फिरत्या चात्यांवरून आले, एकमेकांना मिठ्या मारत गेले आणि त्यांचा मी झालो. एका बाईने मला ओढून पाहिलं, टोकाला आकडा अडकवला आणि पाठीवर थोपटावं तशी माझ्यावर थाप मारली. मग दुकान, आणि दुकानातून बटणच्या बाबांनी मला आणलं. तेव्हा बटण नव्हती. बाबांकडे एक हिरवी जीप होती, आणि डोंगरावर जाणारी कच्ची वाट त्यांच्या अंगणाला लागूनच सुरू होत होती.

हौसेने गाड्या घेऊन डोंगर चढायला येणारे पुष्कळ. रुतणारेही पुष्कळ. बाबा कुणालाही ओढून काढत, पण आधी चार गोष्टी ऐकवत. त्याही हसत. "चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी रुसलेल्या जावयासारखी, लवकर हलत नाही. डबकं लागलं तर सरळ त्यातूनच जायचं. बाजूने गवतावरून गेलात, की उद्या दुसरा तुमच्याही बाजूने जाईल आणि वाटेचं मैदान होईल. लोक म्हणतात चाकोरी सोडा. इथे चाकोरी सोडलीत तर मी सोडणार नाही."

आणि बोटांचा नियम. अरुंद वाटेवर समोरून गाडी आली, की आपल्यामागे आपल्या किती गाड्या आहेत तेवढी बोटं खिडकीबाहेर दाखवायची. मागे कुणी नसेल तर मूठ. मूठ म्हणजे, मी शेवटचा, आता तुम्ही बिनधास्त निघा. "इंजिनाच्या आवाजात तोंडाचं कुणाला ऐकू येतं?" बाबा म्हणत. "बोटांनी बोला. पण बोट दाखवण्याआधी आरशात बघा."

एक नियम माझ्यासाठीही होता. मी ताणलो, की बाबा माझ्या मधोमध एक जड कांबळं टाकत आणि सगळ्यांना लांब पिटाळत. कारण ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो, आणि त्याच्या टोकाचा आकडा माणूस बघत नाही. कांबळं असलं, की तुटलेला दोर जमिनीवर पडतो. मला तो अपमान वाटे. म्हणे, माझ्यावर विश्वास नाही. तरी ते दिवस सुखाचे होते. पुढच्या खोलीत, आरशाशेजारी मला जागा होती. सुटका झालेले लोक चहा पीत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "दोर आहे का हत्ती?"

मग तो दिवस आला. बाबा उतरत होते. मी जीपमध्ये मागच्या बाजूला वेटोळं घालून पडलो होतो. समोरून एक पांढरी गाडी चढत आली. बाबांनी नियमाप्रमाणे रुंद जागी जीप कडेला घेतली. पांढऱ्या गाडीतला माणूस हसला आणि त्याने हात बाहेर काढला. मूठ. मी ती मूठ पाहिली, मित्रांनो. अंगठा आत दुमडलेली, घट्ट मूठ.

बाबा निघाले. पहिल्याच वळणावर त्याच माणसाच्या दोस्ताची गाडी समोर आली. तिला वाचवायला बाबांनी जीप खाली घातली आणि जीप ओढ्यात कलंडली.

त्यांचा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. ज्याला वाचवलं त्या दोस्तानेच मला आपल्या गाडीला बांधून, माझा आकडा जीपला लावून ती उचलून धरली. खडकाच्या धारेवर माझे दोन पेड कापले गेले, पण मी सोडलं नाही. पांढरी गाडी बऱ्याच वेळाने परत आली. तो म्हणाला, "मला वाटलं, मागचे परत फिरले असतील." वाटलं. आरशात बघायला मान वळवावी लागली असती, एवढंच.

बाबांचा गुडघा पुन्हा वाकला नाही. आता ते खिडकीशी बसून सायकलींच्या ट्यूबांना ठिगळं लावतात. जीप बटणची आई चालवते, रुतलेल्यांना तीच काढते. माझ्या कापलेल्या जागी तिने लाल चिंधी बांधली. ती चिंधी म्हणजे, याने गाडी ओढायची नाही. पिवळा नवा दोर आला आणि मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेलो. अधूनमधून माझ्यावर बटणचे फ्रॉक वाळत. हत्तीला कोकरं राखायला लावल्यासारखं वाटे.

दोर आणि साप यांत फार फरक नसतो. मी डूख धरला. त्या दारामागे फोडणीच्या वासात लोंबकळत मी एकच गोष्ट घोकत होतो. एकदा, फक्त एकदा, तो माणूस माझ्या टप्प्यात येऊ दे.

आणि त्या दुपारी दारावर थाप पडली.

आईने दार उघडलं. दारात तोच पांढऱ्या गाडीवाला, गुडघ्यापर्यंत चिखलात बरबटलेला. "ताई, गाडी रुतली हो. वर, झऱ्याच्या कुरणात. इथे टोचन मिळतं म्हणाले."

"कुरणात?" आई म्हणाली. "वाट तर बाजूने जाते."

"डबकं होतं ना वाटेवर. म्हटलं, गवतावरून काढू."

त्याच झऱ्याचं पाणी आमच्या घरात येतं. मग त्याची नजर खिडकीकडे गेली. ताठ पाय, कडेला काठी. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"ओळखलंस वाटतं," बाबा म्हणाले. ट्यूबवरचा हात त्यांनी थांबवला नाही. "अगं, जा. रुतलेल्याला परत पाठवायचं नाही, हा वाटेचा नियम आहे. तो आपल्याला लावला नाही तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार?"

"नियम," आई म्हणाली. तो शब्द तिने दातांत सुपारी फोडावी तसा फोडला.

ती दारामागे आली. शेजारच्या खिळ्यावर पिवळा दोर होता. तिचा हात तिकडे गेला, थांबला, आणि मग तिने मला उचललं.

मला कळलं, मित्रांनो. लाल चिंधी तिच्या बोटांना लागली, तरी तिने मला खाली ठेवलं नाही.

कुरणात पांढरी गाडी पोटापर्यंत बसली होती. तिच्या चाकांनी हिरवळीला लांबच लांब जखमा केल्या होत्या आणि त्यांत झऱ्याचं पाणी गढूळ होऊन फिरत होतं. बटणला आईने जीपमध्ये पुढे बसवून पट्टा लावला होता. एरवी आई आधी चाकांखाली दगड घालते. आज घातले नाहीत. एका टोकाचा फास तिने जीपला अडकवला आणि आकडा पांढऱ्या गाडीला. तो माणूस दोन्ही गाड्यांच्या मधे, माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. त्याला कुणी 'लांब व्हा' म्हटलं नाही. लाल चिंधी त्याच्या कमरेसमोर होती.

जीप हळूहळू पुढे गेली. मी ताणलो. एक धागा तुटला, मग दुसरा. इतका आनंद मला पुढच्या खोलीतही कधी झाला नव्हता. अजून जरासं, मी म्हणालो. अजून जरासं, आणि सगळं फिटेल.

"आई," बटण म्हणाली, "कांबळं राहिलं."

जीप थांबली.

आईने आरशात मागे उभ्या त्या माणसाकडे बघितलं. मग तिने जीप वीतभर मागे घेतली, खाली उतरली, कांबळं आणलं आणि माझ्यावर टाकलं.

"मागे व्हा," ती त्या माणसाला म्हणाली. "आणखी मागे. त्या झाडापलीकडे जा."

दुसऱ्या ओढीला मी तुटलो. सगळी ताकद लावून उसळलो, पण कांबळ्याने मला दाबलं आणि माझा आकडा मेलेल्या बेडकासारखा चिखलात पडला. तो माणूस झाडामागून ते बघत होता. आपण मघाशी कुठे उभे होतो, ते त्याने एकदा डोळ्यांनी मोजलं. मग आईकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही.

मग दोघांनी चाकांखाली दगड घातले. माझा धड उरलेला तुकडा दुहेरी करून, कांबळ्याखालीच, तिने गाडी बाहेर काढली.

तो म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी आरशात बघितलंच नव्हतं. रोज आठवतं."

"आठवून गवत उगवत नाही," आई म्हणाली. "चाकांच्या खाचा बुजवा. मातीने भरा, निघालेलं गवत परत वर लावा, आणि मगच जा."

त्याने बुजवल्या. ऊन उतरेपर्यंत तो हातांनी माती लोटत होता. निघताना वाटेवर समोरून दुसरी एक गाडी आली आणि कडेला थांबली. त्याने आरशात बघितलं, मान वळवून पुन्हा बघितलं, आणि मगच मूठ दाखवली.

मी त्याला माफ केलेलं नाही. दोराला पीळ असतो, तो जळला तरी जात नाही. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घेऊन डोंगरावर जाल. चढणाऱ्याला वाट द्या. डबक्याला भिऊन गवत चिरडू नका. मूठ दाखवण्याआधी मागे बघा. आणि ताणलेल्या दोरावर कांबळं टाकायला विसरू नका, कारण त्याच्या मनात काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं. ओढणाऱ्याच्या मनात काय आहे, तेही नाही.

घरी आल्यावर आईने माझे दोन्ही तुकडे त्याच खिळ्यावर टांगले. चिखलाचे हात धुतले, पुन्हा धुतले. बटण स्टुलावर चढली. तिने लाल चिंधीला बोट लावलं, मग शेजारच्या दोराला.

"आई, पिवळा दोर तर इथेच होता. मग तू हा का नेलास?"