टाळ्यांची तालीम

बाईंनी दोन्ही हात खांद्यांच्या वर नेले आणि तसेच धरून ठेवले. सभागृहात बसलेली सगळी माणसं, म्हणजे पाणीपुरवठा, भूमापन, पशुवैद्यकीय आणि बाकीची किरकोळ खाती, छातीसमोर हात धरून, श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिली. भूमापनातल्या एका गृहस्थांना धीर निघाला नाही. त्यांची टाळी वाजली आणि एवढ्या मोठ्या सभागृहात एकटी पडली.

"कोण ते?" बाईंनी मागे न वळता विचारलं.

गृहस्थ उभे राहिले. निवृत्तीला टेकलेले होते. अंगावर सरकारी नाट्यशाखेच्या पेटाऱ्यातून आलेला मखमली कोट होता. तो पूर्वी कुठल्याशा नाटकात राजाने घातला होता आणि त्या राजाचा खून झालेला असल्यामुळे पाठीवर रफू होतं.

"माझे हात हलल्याशिवाय तुमचे हलायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "मला शिंक आली, थांबायचं. छत खाली आलं, तरी थांबायचं. डोळे कुठे ठेवायचे?"

"तुमच्या हातांवर, बाई," सगळं सभागृह एका सुरात म्हणालं. त्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी बाईंनीच कवायत शिकवली होती. माणूस खात्याचा प्रमुख झाला तरी कवायतीच्या बाईंपुढे त्याची पोटरी आपोआप ताठ होते.

विश्वसुंदरीची ही स्पर्धा या शहराला मिळाली तेव्हा शहर शांत होतं, निदान लांबून तसं दिसत होतं. मग चौक माणसांनी भरला, तो रिकामा करण्यात आला, पुन्हा भरला, आणि असं करता करता सुंदऱ्यांचं विमान उतरलं. त्यांना पडदे ओढलेल्या बसमधून शहर दाखवण्यात आलं. अश्रुधुराने त्यांचे डोळे चुरचुरले तेव्हा, हा इथल्या फुलांचा मोसम आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांच्या पाणावलेल्या डोळ्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी 'पाहुण्या भारावल्या' या मथळ्याखाली छापून आले. संध्याकाळी संचारबंदी असल्यामुळे अंतिम सोहळा दुपारी ठरला. दुपारी तारे नसतात म्हणून छताला दिवे लावले.

तिकिटं घेतलेले लोक मात्र घरीच बसले. रिकाम्या खुर्चीला रंगरंगोटी करता येत नाही, तेव्हा प्रत्येक खात्याने प्रसन्न चेहऱ्याचे कर्मचारी पाठवावेत असा आदेश निघाला. खात्यांनी शोध शोध शोधलं आणि शेवटी होते ते चेहरे पाठवले. कपड्यांची सोय झाली. राहिल्या टाळ्या. त्यासाठी सांस्कृतिक खात्याच्या साहेबांना बाई आठवल्या.

आठवणारच. पाहुणा कोणीही असो, मैदानावर मुलांकडून टाळ्या वाजवून घेण्यात बाईंची हयात गेली होती. सरकारं बदलली, झेंड्याचा एक पट्टा बदलला, टाळ्या त्याच राहिल्या. बाईंनी त्यांच्या तीन जाती पाडल्या होत्या. दोन बोटांनी तळहातावर वाजवायची ती सर. ओंजळ करून वाजवायची ती भरीव. आणि शेवटी कडकडाट. साहेबांनी त्यात एका जातीची भर घातली. सीमेवर ज्या देशाशी वाद चालू होता त्याची सुंदरी आली की टाळी वाजवायची, पण वाजवल्यासारखी दिसली पाहिजे, ऐकू येता कामा नये. बाईंनी तीही बसवून दिली.

हे सगळं बाई करत होत्या ते एका वाक्यासाठी. साहेबांनी घरी येऊन, चहाला नको म्हणून, खुर्चीच्या कडेवर बसून ते उच्चारलं होतं.

"कार्यक्रम नीट पार पडू दे, बाई. मग मुलीचं काम झालंच समजा."

मुलीला घरात खारू म्हणत, कारण लहानपणापासून ती एका जागी ठरत नसे. नर्सिंग शिकत होती. चौकात गडबड झाली त्या दिवशी मलमपट्टीचा खोका उचलून, आलेच, असं म्हणून गेली. ती नदीकाठच्या तुरुंगात आहे हे कळायला बरीच दारं ठोठावावी लागली. भेट नाही, निरोप नाही. फक्त डबा घेत होते.

डबा रोज बाईंचे यजमान नेत. सकाळी तुरुंगाच्या खिडकीशी सगळ्यांचे डबे आत घेत आणि जेवणाची वेळ टळली की बाहेर देत. मधल्या वेळात आईबाप समोरच्या भिंतीच्या सावलीत बसून राहत. कोणी कोणाला काही विचारत नसे. डबा रिकामा आला की माणूस आत आहे आणि जेवतं आहे, एवढं कळे.

"आपलं वर्तमानपत्र आहे ते," यजमान म्हणत. "बाकीच्यांत हल्ली काही छापत नाहीत."

डब्यात बाई चमचा टाकत. रिकामा डबा घेऊन यजमान जिना चढू लागले की तो चमचा आत खुळखुळे, आणि मग बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत. तोवर बसत नसत. खारू घरी असताना स्वतःचं ताट कधी उचलायची नाही. तुरुंगातून डबा घासून येई. एवढी एक सुधारणा सरकारने केली, असं बाई म्हणाल्या होत्या. रुमालाची गोष्टही तशीच. बाई डब्याच्या रुमालाला गाठीवर गाठ मारत, ओढून, कवायतीच्या हाताने. परत येताना एकच गाठ असे, तीही सैल, एक कान लांब राहिलेली. त्या एका गाठीवर बाईंचा दिवस निघे. ती सोडायच्या आधी त्या बोटाने चाचपून बघत.

भरलेला डबा काय सांगतो हेही त्यांना ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींचा डबा एकदा तसा आला. वहिनी म्हणाल्या, पोट बिघडलं असेल पोराचं, बाहेरचं खायची सवय नाही त्याला. दुसऱ्या दिवशी खिडकीतून त्यांना मुलाचे बूट दिले.

सोहळ्याच्या दिवशी रस्ते दुपारीच बंद होणार होते. यजमानांना तुरुंगावरून घरी जाऊन परत सभागृहात येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बाईंनी साहेबांना विचारून आपल्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवली. दारावरच्या शिपायांना सांगून ठेवायचं साहेबांनी कबूल केलं. पिशवीत काय असेल, त्यांनी विचारलं. डबा, बाई म्हणाल्या. साहेब जरा विचारात पडले. मग म्हणाले, डब्याला हरकत नाही, पण थेट प्रक्षेपण आहे, आवाज होता कामा नये. सकाळी निघताना बाईंनी यजमानांना बजावलं.

"अहो, आत शिरायच्या आधी तो चमचा रुमालात गुंडाळा. वाजायला नको."

"साऱ्या जगाला ऐकू जाईल की काय?"

"जाईल. माझी परीक्षा आहे आज."

"तुझी कसली. आमचीच. मला टाळीच्या वेळी पिशवी कुठे ठेवायची ते सांगितलं नाहीस."

"माझ्याकडे द्या," बाई म्हणाल्या. "मी ठेवते पायाशी."

पहिल्या रांगेत, मधल्या वाटेला लागून त्यांची खुर्ची होती. दिवे मालवल्यावर मागच्यांना हात दिसावेत म्हणून साहेबांनी पांढरे हातमोजे दिले होते. दिवे मालवले. अंधारात बाई उरल्या नाहीत, नुसते दोन पांढरे पंजे उरले. ते वर गेले की सभागृह जागं होई, मिटले की गप्प होई. सुंदऱ्या एकामागून एक आल्या. सर पडली, भरीव पडली, सीमेवरच्या देशाला न ऐकू येणारी टाळी इतकी सुरेख जमली की त्या बिचारीने वाकून दोनदा आभार मानले. विंगेत उभे असलेले साहेब रुमालाने मान पुसत होते, पण हसत होते.

बाईंचं लक्ष अर्धं दाराकडे होतं. एवढ्यात यायला हवे होते. रस्ता आधीच बंद केला असेल. शिपायाने अडवलं असेल. एका बेटावरून आलेली मुलगी मंचावर उभी होती. तालमीतही बाईंनी तिला हेरलं होतं, कारण ती एका पायावर भार टाकून उभी राहायची. खारूची हीच खोड. कितीदा सांगितलं, पाठीला बाक येईल. त्या मुलीला परीक्षकांनी विचारलं की जगातून काय नाहीसं व्हावंसं वाटतं. ती म्हणाली, भूक. बाईंनी नियमाप्रमाणे भरीव दिली, आणि नियम मोडून जराशी जास्त वेळ दिली.

यजमान आले तेव्हा शेवटच्या दोघीच मंचावर उरल्या होत्या. वाटेवरच्या गालिच्यावरून ते अंधारात चाचपडत खाली उतरले. बाईंनी न बघता ओळखलं. गुडघ्यामुळे त्यांचं एक पाऊल जड पडे. पावलाखेरीज दुसरा आवाज नव्हता. चांगला गुंडाळला म्हणायचा चमचा, बाईंच्या मनात आलं. एरवी सांगितलेलं एक करतील तर शपथ.

यजमान शेजारी बसले. मंचावर निवेदक पाकीट फोडत होता. ढोल घुमू लागला. बाईंनी उजवा पंजा वर नेला आणि डावा पिशवीसाठी बाजूला पसरला. मागे सगळ्यांचे हात छातीसमोर आले असणार, हे त्यांना पाठीला कळलं.

पिशवी हातात आली आणि हात खाली गेला.

त्यांनी ती मांडीवर घेतली. वर धरलेला उजवा पंजाही हळूहळू उतरला आणि पिशवीवर टेकला. निवेदकाने बेटाचं नाव घेतलं. बेटावरच्या मुलीने दोन्ही हात तोंडावर नेले. कोणीतरी तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला. छतातून सोनेरी कागदाचे कपटे पडायला लागले, आणि ते पडताना होणारा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"चमचा गुंडाळावा लागला नाही," यजमान म्हणाले.

ते समोर बघत होते. चेहऱ्यावर कपट्याचा एक सोनेरी तुकडा येऊन बसला होता, तो त्यांनी काढला नाही.

बाईंनी पिशवीत हात घातला. हातमोज्यातून नीट लागेना. मग त्यांनी एकेक बोट ओढत उजवा हातमोजा काढला, मग डावा, आणि दोन्ही घडी करून पर्समध्ये ठेवले. उघड्या बोटांनी रुमाल चाचपला. एक गाठ होती. तिच्याखाली आणखी एक होती. घट्ट होती, ओढून मारलेली. दोन्ही कान सारखे.

विंगेतून साहेब त्यांच्याकडे बघत आपल्याच दोन हातांनी आवाज न करता टाळ्या वाजवून दाखवत होते. मग ते विंगेच्या कडेला आले, मग अर्धे मंचावर आले, तेव्हा कॅमेरा तिकडे वळला आणि ते मागे सरले. मागच्या रांगांमध्ये कोणी हललं नाही. नोकरीच्या उभ्या आयुष्यात या मंडळींनी एखादा हुकूम इतका तंतोतंत पाळल्याची नोंद नसेल. मखमली कोटातले भूमापनवाले गृहस्थ दोन्ही तळवे वीतभर अंतरावर धरून बसले होते. या वेळी त्यांनी चूक केली नाही.

मंचावरच्या मुलीचं हसू थोडा वेळ टिकलं. मग तिने या पायावरचा भार त्या पायावर घेतला आणि आवाज जिथून यायला हवा होता तिकडे, अंधारात, वाकून बघितलं. या देशात असंच करत असतील असं तिला वाटलं असावं. तिने मुकुट पडू नये म्हणून एका हाताने धरला, मान खाली घातली आणि तीही स्तब्ध उभी राहिली.

बाई वरची गाठ सोडवत होत्या. त्यांनीच मारलेली, त्यामुळे सुटत नव्हती. यजमानांनी एक बोट पुढे करून रुमालाचा कान धरून ठेवला.

त्यांच्या पाठीमागे सगळं सभागृह हात छातीसमोर धरून, कुठे पांढरं काही दिसतंय का ते बघत बसून राहिलं.