शून्य मिनिटांची दुरुस्ती

माझी आत्या लिफ्ट दुरुस्त करते आणि मी मोबाईलची ॲप बनवते. या दोन धंद्यांपैकी खरा धंदा कुठला, याबद्दल आमच्या घरात कोणालाही शंका नाही. आत्या आली की वडील उठून तिला खुर्ची देतात. मी आले की म्हणतात, "आलीस? जरा टीव्हीचा आवाज वाढव."

म्हणून आत्याच्याच कंपनीचं काम आमच्या ऑफिसला मिळालं, तेव्हा मी हवेत होते. काम तसं साधं होतं. अकरा मेकॅनिक दिवसभर शहरभर फिरून लिफ्ट दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी कागदावर अहवाल द्यायचे. तो कागद कधी ग्रीसने माखलेला असायचा, कधी खिशातच धुऊन निघालेला. कंपनीच्या साहेबांना त्याऐवजी ॲप हवं होतं. लिफ्टपाशी पोचलं की 'काम सुरू' दाबायचं, संपलं की 'काम पूर्ण'. बस्स.

बस्स म्हटलं की मला राहवत नाही. मी त्यात तरंगतं बटण घातलं. म्हणजे खाली लिफ्टांची यादी सरकत राहते आणि बटण मात्र काचेवर ठेवल्यासारखं आपल्या जागी वर राहतं. यादी सरकवली की ते आकसून लहान होतं, थांबलं की पुन्हा मोठं. शिवाय ते वेळ बघून बदलतं. आधी निळं असतं, त्यावर 'काम सुरू' लिहिलेलं. ते दाबलं की तिथल्या तिथे हिरवं होतं आणि 'काम पूर्ण' म्हणतं. तेही दाबलं की आपलं काम झालं हे ओळखून गुपचूप निघून जातं. एका बटणात तीन बटणांचं काम! माझ्या शेजारी बसणाऱ्या डिझायनरला आम्ही मिलिमीटर म्हणतो, कारण त्याला कुठलीही गोष्ट एक मिलिमीटर डावीकडे हवी असते. त्यानेसुद्धा हे बटण हलवायला सांगितलं नाही. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक आमच्या ऑफिसात मिळत नाही.

आत्याला मी ते घरीच दाखवलं. तिने चष्मा कपाळावर चढवला, फोन लांब धरला.

"हे हलतंय."

"हलत नाही आत्या, तरंगतंय."

"आमच्याकडे बटण हललं की लोक तक्रार करतात. सव्वीस वर्षं मी बटणं भिंतीत पक्की बसवतेय, आणि तू सुटं बटण करून वर मिरवतेस?"

"अगं, हुशार बटण आहे ते. त्याला सगळं आपोआप कळतं. तू नुसतं दाब."

"बरं बाई," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या कंपनीला सांगितलं की हे माझ्या भाचीने केलंय. फक्त साहेबांना सांगायचं राहिलं, कारण साहेब तेव्हा कुठल्याशा मीटिंगमध्ये होते.

दोन आठवड्यांनी, एका बुधवारी, साहेब स्वतः आमच्या ऑफिसात आले. हातात एक यादी होती आणि पारा चढलेला होता.

"मॅडम, ॲप उत्तम आहे," ते म्हणाले. "चोर पकडून दिलेत तुम्ही."

यादीत चार मेकॅनिक होते. चौघांच्याही नावापुढे प्रत्येक दुरुस्तीला लागलेला वेळ लिहिला होता. शून्य मिनिटं. शून्य मिनिटं. शून्य मिनिटं. सगळ्यात वर आत्या.

"लिफ्ट चालू होतात हो, पण कधी होतात, किती वेळात होतात, काही पत्ता नाही. जिन्यात बसून दोन्ही बटणं दाबून टाकतात आणि मग आपल्या सवडीने काम! आता फार झालं. सोमवारपासून हे चौघं टेबलावर. बसा म्हणावं, फोन घ्या."

ही माझी आत्या आहे, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मिलिमीटरने माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे पाहिलं.

आत्या आणि टेबल! मागे पाय मुरगळला म्हणून ती तीन दिवस घरी होती, तर तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांच्या बिजागऱ्या काढून, तेल देऊन परत बसवल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नको म्हटलं तरी ती कामावर गेली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तिला खुर्चीत बसवून दिवसभर फोन घ्यायला लावायचं म्हणजे तिला जिवंतपणी पार्सल करून माळ्यावर टाकण्यासारखं होतं.

ती दुपार मी ॲप तपासण्यात घालवली. घड्याळ बरोबर. नोंदी बरोबर. 'काम सुरू' आणि 'काम पूर्ण' यांत आत्याचं अंतर कधी अर्धा सेकंद, कधी त्याहून कमी. मी तीस वेळा बटण दाबून पाहिलं, तीसही वेळा ते माझ्याशी नीट वागलं. शेवटी मी एका निष्कर्षाला आले, आणि तो लिहिताना आजही मला लाज वाटते. ॲप बरोबर आहे, म्हणजे आत्या लबाडी करते आहे. जिने मला सायकल शिकवली, जिने लिफ्टमध्ये सापडलेल्या दुसऱ्यांच्या छत्र्यासुद्धा नेऊन परत केल्या, तिच्यावर मी संशय घेतला, आणि तोही एका बटणाच्या भरवशावर.

गुरुवारी सकाळी मी तिच्याबरोबर कामावर गेले.

"आज काय सुचलं तुला?" तिने विचारलं.

"सहज."

"लिफ्ट बंद आहे, मशीन गच्चीवर आहे, आणि मध्ये सात मजले आहेत. सहज कोण चढतं एवढं?"

इमारत जुनी, जिना अरुंद, प्रत्येक दारापुढे चपलांची गर्दी. तळमजल्यावर लिफ्टच्या दारावर कोणीतरी वहीचा कागद चिकटवला होता: 'बंद. विचारू नये.' आत्याने अवजारांची पिशवी खाली ठेवली आणि भिंतीतलं बोलावणीचं बटण दाबलं. टुक-टुक. दोनदा. मग खिशातून फोन काढला, माझं ॲप उघडलं, माझं निळं बटण शोधलं, आणि दाबलं. टुक-टुक.

बटण हिरवं झालं आणि त्याच क्षणी नाहीसं झालं. आत्याने शांतपणे फोन खिशात टाकला.

"आत्या! तू दोनदा का दाबलंस?"

"म्हणजे? बटण दोनदाच दाबतात."

"कोण दाबतं?"

"ज्याला शिकवलंय तो." तिने मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "पहिल्यांदा दाबायचं, दिवा लागतो का बघायला. लगेच दुसऱ्यांदा दाबायचं, बटण अडकलं तर नाही ना बघायला. आमचे उस्ताद होते, त्यांच्यासमोर कोणी एकदाच दाबलं की मनगटावर पट्टी बसायची. आता हाताला सांगावं लागत नाही. घरचा पंखासुद्धा मी असाच लावते."

खरंच लावते. चालू, बंद, चालू. आम्हाला वाटायचं, आत्याला पंख्याचा राग येतो.

"आणि काम संपल्यावर? तेव्हा बटण दिसत नाही, हे तुला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण तूच म्हणालीस, त्याला सगळं आपोआप कळतं. शिवाय तरंगतं आहे. म्हटलं, गेलं असेल तरंगत कुठेतरी."

मी पहिल्याच पायरीवर फतकल मारून बसले. हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी हसले. मग तिला सगळं सांगितलं: शून्य मिनिटं, साहेबांची यादी, सोमवारचं टेबल. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. टेबलाचं ऐकून तिने भिंतीला हात टेकला.

"आणि आत्या, मी पण तुझ्यावर संशय घेतला."

तिने अवजारांची पिशवी उचलून माझ्या खांद्यावर दिली. त्या पिशवीचं वजन काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

"घेतलास तर घेतलास. पण बघायला इथवर आलीस ना. साहेब तर एकाही लिफ्टपाशी आले नाहीत. चल, वर चढ."

सात मजल्यांच्या त्या चढणीत मी धापा टाकत विचारलं, "उस्तादांच्या हाताखाली अजून कोण कोण होतं?"

तिने दर दोन मजल्यांना एकेक नाव सांगितलं. तिघं सांगून झाले. यादीतले तिघंही. साहेबांचे चोर म्हणजे कंपनीतले सगळ्यात नीट शिकलेले चार लोक होते.

"आणि पाचवे आमचे साहेब," सातव्या मजल्यावर ती म्हणाली. "पण त्यांनी अवजारं खाली ठेवून दहा वर्षं झाली. ते विसरले असतील."

"हाताला सांगावं लागत नाही, असं मघाशीच म्हणालीस ना?"

आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे असे चमकले, की मी लहानपणी केलेल्या सगळ्या खोड्यांमध्ये हिचा हात का असायचा, ते मला आठवलं.

दुपारी आम्ही कंपनीत गेलो. साहेब आत्याला बघून ताठ झाले आणि आमचं नातं कळल्यावर आणखी ताठ झाले. मी म्हटलं, "साहेब, चूक कोणाची ते मी सांगते, पण आधी एक मिनिट बाहेर या." व्हरांड्यात त्यांच्याच इमारतीची लिफ्ट होती.

"साहेब, हे बटण जरा बघता?" आत्या अगदी साळसूदपणे म्हणाली. "मला मघाशी अडकल्यासारखं वाटलं."

साहेब वैतागून पुढे झाले. टुक-टुक. "ठीक आहे की. काय झालंय याला?"

"आता हे बघा," म्हणून मी फोन त्यांच्यापुढे धरला. "हे पण अडकतंय का?"

टुक-टुक.

हिरवा रंग आला आणि गेला. मी फोन वळवून नोंद दाखवली. साहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "दुरुस्तीला लागलेला वेळ, शून्य मिनिटं." मग पुन्हा मनातल्या मनात वाचलं. मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"बटण मी केलंय, साहेब," मी म्हटलं. "दाबल्या दाबल्या ते अंगठ्याखालीच बदलतं. दुसरं दाबणं त्याने 'काम पूर्ण' समजून घेतलं. माझी चूक आहे. यांच्यापैकी एकाचीही नाही."

साहेबांनी हळूच डाव्या हाताने उजवं मनगट चोळलं आणि त्यांना हसू फुटलं. "फार लागायची हो ती पट्टी," ते आत्याला म्हणाले. आत्याही हसली, पण जागची हलली नाही.

"साहेब, बाकीच्या तिघांना तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मीच सांगतो," साहेब म्हणाले. "माफी मागायची आहे, ती मलाच मागावी लागेल."

शुक्रवारी मी आणि मिलिमीटर ते बटण उघडून बसलो. तो म्हणाला, दाबल्यावर बटण दोन सेकंद बधिर करू. मी म्हटलं, नाही, लोक दोनदा दाबतात तर बटणाने दोनदा ऐकायला शिकावं. आता एकदा दाबलं की ते उजळतं, दुसऱ्यांदा दाबलं की काम सुरू होतं. आणि काम पूर्ण करायला अंगठा तीन सेकंद दाबून धरावा लागतो. बाकीच्या सात जणांनी कुरकुर केली. त्यांना आत्या एका सकाळी शिकवून आली. पट्टी नेली होती की नाही, ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर आत्याची नोंद उमटली: काम सुरू. मी दुसरं काही करायचं ठरवून बसले आणि दुसरं काही केलं नाही. दहा मिनिटं झाली. चाळीस झाली. मिलिमीटर दोनदा चहाला बोलवून गेला. एक तास. दीड तास. कुठल्यातरी गच्चीवर, ग्रीसने माखलेल्या हातांनी ती मन लावून काम करत होती, आणि तो सगळा वेळ आता तिच्या नावावर लागत होता. बाराला पाच कमी असताना नोंद बंद झाली. दोन तास पंचेचाळीस मिनिटं. माझे डोळे भरून आले. इतका वेळ लागल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

लगेच तिचा फोन आला.

"काय गं, सकाळपासून टक लावून बसली असशील ना?"

"हो."

"मग आता जेवायला जा," आत्या म्हणाली. "मला अजून तीन लिफ्ट बघायच्या आहेत."